दगडूची चढाई

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जंगलातली पिल्लं वर्षभर शाळेत जात आणि करवंदं पिकली की शाळेला सुट्टी लागे. त्या शाळेत खारबाई उड्या मारायला शिकवत आणि घोरपडबाई झाडावर चढायला.

शाळेचे चारच दिवस उरले होते. पिल्लांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून खारबाईंनी वैतागून आपला वर्ग आधीच सोडून दिला होता. घोरपडबाईंच्या वर्गातलं खवल्या मांजराचं पिल्लू, दगडू, मात्र अजून अर्ध्या झाडावरून घसरत होतं.

"द्या सोडून," खारबाई म्हणाल्या. "वर्षभरात जमलं नाही, ते चार दिवसांत काय जमणार?"

"नदीला पूर आला की त्याच्या बिळात पाणी शिरतं," घोरपडबाई म्हणाल्या. "तेव्हा त्याला झाडच लागेल."

मग त्या दगडूकडे वळल्या. "शेपटी खोडाला टेकव, बाळा. आता पुढचा पाय." आवाज अगदी पहिल्या दिवशीसारखाच होता. दगडू घसरला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. चारही दिवस हेच चाललं आणि खारबाई फांदीवरून पाहत राहिल्या. शेवटच्या दुपारी दगडू शेंड्याजवळ पोचला आणि फांदी घट्ट धरून बसला.

"तुम्हाला राग येत नाही का हो?" खारबाईंनी हळूच विचारलं.

"येतो की. पण मी रागावले की त्याचे पाय थरथरतात."

खारबाई फांदीवरून खाली उतरल्या. त्या सशाच्या बिळाशी गेल्या आणि त्यांनी आपल्या वर्गातल्या त्याच्या पिल्लाला हाक मारली, "ये रे बाळा, तुझी लांब उडी शिकायची राहिलीये."