ओल्या मातीचा डाग

एका सागाच्या जंगलात, टेकडीच्या उतारावर वाळव्यांची सात वारुळे होती. थोरल्या वारुळातून फुटून बाकीची सहा झालेली, म्हणून सगळ्यांची घडण एकच. शहरातली मुले सांगतात, की हजारो कॉम्प्युटरांच्या पोटात सगळा कारभार हाकणारा गाभा एकाच घडणीचा असतो, तसेच हे. प्रत्येक वारुळाच्या गाभ्यात राणी आणि तिची अंडी. बाहेरची भिंत दगडासारखी. एक अस्वल रोज सकाळी येई, इकडेतिकडे नखे घासून बघे आणि कंटाळून मोहाची फुले खायला निघून जाई.

थोरल्या वारुळात एक म्हातारी गवंडी वाळवी होती. कोणी सांगो न सांगो, ती भिंतींवर डोके ठोकून आवाज ऐकत फिरे. एके दिवशी, ऊन वर आल्यावर, वारुळाच्या उगवतीकडच्या तिसऱ्या शिंगाखाली, म्हणजे सुळक्याखाली, तिला आवाज पोकळ लागला. बघते तर हवेची नळी तिथून सरळ राणीच्या खोलीत उतरलेली, आणि बाहेरून भिंत कांद्याच्या पापुद्र्याएवढी. तिने मुकादमाला गाठले.

"मुकादम, हे भोक सातही वारुळांत असणार. आधी निरोप धाडा. उद्या सगळ्यांनी एकदम बुजवू."

"उद्या? आणि सकाळीच अस्वलाला ते सापडलं तर? आधी आपलं घर, म्हातारे."

"इतकी वर्षं ते उघडंच होतं, एक दिवस आणखी राहील. पण ओली माती लांबून दिसते हो."

मुकादम हसला. "अस्वलाला कधीपासून गवंडीकाम कळायला लागलं? बुजवा म्हणतो ना! शेजाऱ्यांना सांगू सवडीनं."

संध्याकाळपर्यंत भोक बुजले. काम चोख झाले होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

सकाळी अस्वल आले. सगळे वारूळ वाळून पांढुरके पडलेले, आणि तिसऱ्या शिंगाखाली तळहाताएवढा काळपट ओला डाग. त्याने नख लावून पाहिले. भिंत पक्की. दुसरे कोणी असते तर निघून गेले असते. अस्वल मात्र तिथेच बसले आणि विचार करू लागले. "पाऊस नाही, पाणी नाही, मग इथेच लिंपण का? काहीतरी झाकलंय." मग त्याने मान वळवून धाकट्या वारुळाकडे पाहिले. तेच शिंग, तीच बाजू, आणि डाग नाही. ते डुलत डुलत तिकडे गेले, नेमके तिसऱ्या शिंगाखाली नख टेकवले, आणि पापुद्रा आत पडला. पुढे अस्वलाने तोंड लावले, एवढेच सांगतो.

दुपारी धाकट्या वारुळातली एक दाई वाळवी भुयारातून थोरल्या वारुळात आली. तिच्या तोंडात एक अंडे होते. ते तिने हळूच खाली ठेवले, भिंतीवरचे ताजे लिंपण पाहिले आणि मुकादमाला विचारले, "दादा, तुम्हाला कधी कळलं होतं?"

"काल."

"काल कधी?"

"दुपारच्या आधी."

"भुयार तर घटकाभराचं आहे," दाई म्हणाली.

मुकादमाने मान खाली घातली. म्हातारीने मात्र वेळ घालवला नाही. उरलेल्या पाच वारुळांकडे तिने धावत निरोपे पाठवले : "माती कालवून ठेवा, पण लावू नका. ऊन कललं की सगळ्यांनी एकदम. आणि नुसतं भोकावर नाही, अख्खं वारूळ लिंपा."

दुसऱ्या दिवशी अस्वल मोठ्या आशेने आले. सहाही वारुळे वरपासून खालपर्यंत ओलीगच्च! त्याने इथे खाजवले, तिथे खाजवले, एक नख मोडून घेतले. "आज सगळ्यांच्याच घरी सणवार दिसतो," असे पुटपुटत ते मोहाकडे गेले.

दाईने आणलेले अंडे थोरल्या राणीच्या अंड्यांत ठेवले गेले. त्यानंतर म्हातारी जेव्हा जेव्हा म्हणे, "इथं पोकळ वाजतंय," तेव्हा मुकादम मातीला हात लावण्याआधी विचारी, "कोणाला सांगायचं राहिलंय का?"

तात्पर्य : जे भोक शेजाऱ्याच्या भिंतीतही आहे, ते एकट्याने बुजवू नये, आपली ओली माती चोराला शेजाऱ्याच्या घराची वाट दाखवते.