कड्याने परत दिलेलं नाव

त्या माळावर पाडसाला वास नसे, आणि म्हणूनच ते जगत असे. जन्मल्यापासून शिंगं फुटेपर्यंत ते उंच कुसळी गवतात दडून राही. लांडगे गवताच्या कडेकडेने नाक लावून फिरत, पण आत कोणी आहे की नुसता वारा आहे हे त्यांना कळत नसे. आत शिरावं तर कुसळं डोळ्यांत जात. पाडस बाहेर येई ते एकाच गोष्टीने. आईने नाव घेऊन हाक मारली की ते उठे आणि हाकेच्या दिशेने धावत सुटे.

लांडग्यांना हे कळायला काही पिढ्या लागल्या, पण कळलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या लांडगिणी हरिणींचा आवाज काढायला शिकल्या. पोटात भूक असली की गळ्यात गोडवा यायला वेळ लागत नाही. आवाज जमला. आता फक्त नावं हवी होती, आणि ती हरणं स्वतःच पुरवत होती.

याला कारण त्यांचं बारसं. मुलींची नावं आया ठेवत, गवतात, दूध पाजता पाजता, आणि त्याचा गाजावाजा होत नसे. मुलाची गोष्ट वेगळी. मुलाने पहिलं पातं चघळलं की त्याला माळाच्या टोकाला, काळ्या कड्यासमोर नेत. त्याची आत्या त्याच्या कानात नाव सांगे, बाकीच्या हरिणी तिच्या पाठीत डोक्याने धपाधप ढुशा देत, आणि मग सगळा कळप कड्याकडे तोंड करून ते नाव ओरडे. कडा ते परत देई. कड्याने परत दिलं नाही ते नावच नव्हे, अशी समजूत होती. त्याच कड्याच्या पायथ्याशी, कपारींमध्ये, लांडगे राहत.

लांडगे दर वेळी मुलगेच कसे नेतात, याचं कळपाला फार नवल वाटे.

ओरडणं थांबवावं असं कोणाला सुचलंच नाही असं नाही. एका तरुण हरणाने ते एकदा सर्वांसमोर बोलून दाखवलं होतं. म्होरक्याने आपली जुनी, टोकं झिजलेली शिंगं हलवली आणि म्हणाला, "मग काय चोरासारखी नावं ठेवायची? आमच्या सात पिढ्या या कड्याच्या साक्षीने वाढल्या." सात पिढ्यांतले किती वाढले आणि किती गेले, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. ओरडणं तसंच चालू राहिलं, आणि दोष नावांवर आला.

मग कळपाने नावं पारखायला सुरुवात केली. शूर पूर्वजांची नावं ठेवू नयेत, लांडग्यांच्या मनात जुना राग आहे. लाडाची नावं नकोत, ती ऐकताच तोंडाला पाणी सुटतं. पल्याडच्या रानातली नावं कानाला बरी वाटतात, पण ती ठेवली की आपलेच विचारतात, तुम्ही नक्की कुठले? एका हुशार बापाने लांडग्यांना बरं वाटावं म्हणून मुलाचं नाव दंतराज ठेवलं. त्या वर्षी दंतराज सगळ्यांच्या आधी गेला.

अखेर एका विधवा हरिणीने, काहीच सुचेना म्हणून, आपल्या मुलाला पाचोळा म्हटलं. कड्याने ते नाव कसंबसं, सुकं सुकं परत दिलं. तो पाचोळा जगला. त्याला शिंगंही फुटली. वाळक्या पानांना कोण खातं, असं कळपात म्हणू लागले, आणि पुढच्या वर्षी माळावर पाचोळेच पाचोळे झाले. एका आईने हाक मारली की पाच-सात जण धावत येत, मग आया पाठीवरचे ठिपके बघून आपापला निवडून घेत. यात त्रास होता, पण गंमतही होती. शिवाय त्या वर्षी एकही पाडस गेलं नाही, त्यामुळे त्रासाबद्दल कोणी बोलत नसे.

पिवळी नावाच्या हरिणीला या सगळ्याची गंमत वाटत नव्हती. तिचा पहिला मुलगा चांदणू. नाव तिनेच हौसेने ठेवलं होतं. तो गेला त्या संध्याकाळी ती ओढ्याकाठी चरत होती, तोंडात गवत होतं, आणि तिने कड्याच्या बाजूने स्वतःचाच आवाज ऐकला. "चांदण्या, ये रे बाळा." आपण इथे असताना आपला आवाज तिकडे कसा, हे कळायला तिला एक घास गिळण्याइतका वेळ लागला. तेवढा वेळ पुरेसा होता. त्यानंतर ती फार कमी बोलायची. बोलताना स्वतःचा आवाज कानावर आला की तिच्या अंगावर काटा यायचा.

आता तिला दुसरा मुलगा झाला होता आणि त्याने पहिलं पातं चघळलं होतं.

"बाबांचं नाव ठेवू," तिचा नवरा ठिपका म्हणाला. "सोनशिंग. घराण्याचं नाव काढील."

सोनशिंग म्हणजे ठिपक्याचा बाप. कधीकाळी कळप उतारावरून ओढा ओलांडत असताना तो एकटा मागे शिंगं रोखून उभा राहिला होता. निम्मा कळप म्हणे की तो पाय रोवून उभा राहिला. उरलेला निम्मा म्हणे की त्याचे पाय चिखलात रुतले होते. पण ओढा सगळ्यांनीच ओलांडला होता आणि तो परत आला नव्हता, याबद्दल वाद नव्हता.

"अहो, नाव काढायला पोर आधी जगायला हवं," पिवळी म्हणाली. "ते नाव लांडग्यांना पाठ असेल. बाळाचं नाव पाचोळा."

ठिपक्याची बहीण काजळी तिथेच उभी होती. सोनशिंग तिचाही बाप. "वहिनी," ती म्हणाली, "जन्मभर पाचोळा म्हणून घेतलं तर पोर मान वर कधी करील?"

"खाली घालूनच चरू दे, वन्सं. पण चरू दे."

चांदणूचं बारसंही काजळीनेच केलं होतं.

बारशाच्या दिवशी कड्यासमोर वारा पडलेला होता. काजळी पाडसाच्या कानाशी वाकली. ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली, तेव्हा मागच्या हरिणी हसत म्हणाल्या, "अगं, नाव सांगतेस की कहाणी?" आणि तिच्या पाठीत ढुशा बसू लागल्या. मग कळपाने ओरडून सांगितलं, "पाचोळा!" कड्याने ते परत दिलं. पिवळीने कपारींकडे पाहिलं. तिथे काही हललं नाही. कितीतरी दिवसांनी तिच्या जिवात जीव आला.

हा दिलासा फार दिवस टिकला नाही. पाडस हाकेला येईना. पिवळी गवताच्या कडेला उभी राहून हाक मारी, "पाचोळ्या, ए पाचोळ्या!" इतरांचे पाचोळे टणाटण उड्या मारत येत, आणि तिचा मात्र येत नसे. तिला आत शिरून शोधावं लागे. तो तिला बघून आनंदाने उठे, ढुशी देऊन दूध पिई, पण हाक त्याच्यासाठी जणू नव्हतीच. एकदा तिने त्याच्या अगदी पाठीशी उभं राहून नाव घेतलं. त्याने कानसुद्धा हलवला नाही. वर झाडावर एक पाखरू फडफडलं तेव्हा मात्र त्याने झटकन वर पाहिलं. म्हणजे ऐकू येत होतं. पिवळीला हे बहिरेपणापेक्षा भयंकर वाटलं.

गोष्ट म्होरक्याच्या कानावर गेली. लवकरच माळ सुकणार होता आणि कळप खालच्या कुरणांकडे निघणार होता. वाटेत दाट रान होतं. तिथे पाडसं आवाजावर सांभाळावी लागत.

"हाकेला न येणारं पोर सोबत नेता येत नाही," म्होरक्या म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता. "एकासाठी सगळे थांबले तर सगळेच जातात. निघेपर्यंत शिकव त्याला."

पिवळी शिकवू लागली. ती नाव घेई आणि पाडसाला ढुशी देई, नाव घेई आणि दूध देई. दूध ते पिई, नाव घेत नसे. एकदा ती त्याच्यावर इतकी चिडली की तिने त्याला पायाने ढकललं. मग ती त्याला चाटत बसली, आणि पहिल्याचं जे झालं ते याचंही होणार, फक्त उलट्या वाटेने, असं तिच्या मनात आलं. तो हाक ऐकून गेला. हा हाक न ऐकल्यामुळे मागे राहील.

रोज सकाळी काजळी येई आणि पाडसाच्या कानात तोंड घाले. गोचीड बघते, असं म्हणे. "वन्सं, तुम्हीतरी सांगा त्याला," पिवळी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. काजळीचे ओठ हलले. तिने कड्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "येईल. वेळ आली की येईल." ज्याला नाव ठाऊक असतं तो कधी ना कधी हाक मारतोच, आणि मारलेली हाक कडा ठेवून घेत नाही, हे तिला माहीत होतं. पण वहिनीचं तोंड बघून तिलाही झोप लागत नव्हती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या हरिणी ओढ्यावर पाणी पीत होत्या. वारा नव्हता. गवताचं टोकही हलत नव्हतं.

"पाचोळ्या, ये रे माझ्या राजा."

आवाज फार गोड होता. तो कोणत्या एका आईचा नव्हता, आणि म्हणून प्रत्येकीला वाटलं की शेजारणीने हाक मारली. एकीने कौतुकाने मान वळवून पाहिलं. शेजारणीचं तोंड पाण्यात होतं.

तोवर गवत हललं होतं. इथे हललं, तिथे हललं, पार दूरच्या टोकालाही हललं. त्यातून पाडसं बाहेर पडली, एकामागून एक, कान टवकारून, आईच्या हाकेला जातात तशी आनंदाने, आणि कड्याकडे धावू लागली. आया किंचाळल्या. किंचाळून दुसरं काय म्हणणार? "पाचोळ्या! पाचोळ्या, मागे फिर!" कड्याने त्या सगळ्या हाका गोळा केल्या आणि आपल्या पायथ्यापासून परत दिल्या. पाडसांनी समोरून आयांचे आवाज ऐकले. जी एकदोन थबकली होती तीही मग जोरात धावू लागली.

पुढचं ओढ्यावरून दिसलं नाही. ऐकू आलं.

ते संपलं तेव्हा गवतात एकच पाडस उभं होतं. सगळे गेले तिकडे ते बघत होतं, पण गेलं नव्हतं. पिवळीला आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला तिथेच, इतर आयांच्या मध्ये उभं राहून, लाज वाटली. मग तिने पाहिलं की एक लांडगा कड्याकडून पुन्हा गवताकडे येतो आहे. पाडस उभं होतं, गवताच्या वर त्याची मान दिसत होती, आणि लांडग्याला आता वासाची गरज नव्हती.

"पाचोळ्या!" ती ओरडली. पाडसाने कान हलवला नाही.

तिने काजळीकडे पाहिलं.

"वन्सं, त्याच्या कानात काय सांगितलंत तुम्ही?"

"तुम्हाला ठाऊक आहे, वहिनी."

लांडगा धावू लागला. पिवळीने कड्याकडे पाहिलं, पाडसाकडे पाहिलं. मग तिने छाती भरून घेतली आणि आपला सगळा आवाज एका हाकेत घातला.

"सोनशिंग!"

पाडसाने झटकन मान वळवली. ते असं धावलं, की जणू इतके दिवस याच हाकेची वाट बघत होतं. लांडग्याची झेप गवतात पडली आणि तो डोळे चोळत मागे सरला. पाडस ओढ्यात उतरलं, पाणी उडवत वर आलं आणि पिवळीच्या पोटाला बिलगलं. तिने त्याला नाकाने दाबून धरलं.

मागे कडा बोलला. पाचोळा तो नेहमी अर्धाच द्यायचा. हे नाव त्याने सगळं दिलं, एकेक अक्षर मोकळं, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कपारींतला चघळण्याचा आवाज थांबला.

मग खालून कोणीतरी, अगदी पिवळीच्याच आवाजात, ते नाव हळूच म्हणून पाहिलं.

पाडसाने आईच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग कड्याकडे मान वळवली.