वारुळाचा उतार

जमिनीला कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका वारुळाचं दार अगदी खडं होतं. दोन पाय गमावलेल्या भिंगरी मुंगीला मुकादम मुंगीने दया करून आतच बसवलं.

भिंगरी भांडायला उठली. “मुकादमबाई, दाणा मी उचलते. हा चढ तेवढा चढवत नाही. दाराला उतार करा.”

“एकीसाठी दार खणायचं?” बाकीच्या कुरकुरल्या. मुकादमबाई मात्र स्वतः माती ओढायला लागली. उतार झाला, भिंगरी दाणे आणू लागली. हळूहळू ओझं घेतलेल्या सगळ्याच त्या वाटेने येऊ लागल्या.

पुढे मुकादमबाई थकली. उतारावरून सावकाश येऊन ती उन्हाला बसे. भिंगरी जाता-येता तिच्या पाया पडे.

म्हातारी एकदा म्हणाली, “माझ्या कसल्या पाया पडतेस? तू तेव्हा भांडली नसतीस, तर आज मला ऊन दिसलं नसतं.”