अंगणातला खुंट

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंच्या आश्रमात गोठा बांधायला निघाला. आश्रम डोंगरउतारावर होता आणि तिथली रीत अशी, की शिक्षण संपलं की प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी एक वास्तू उभी करायची आणि मगच निरोप घ्यायचा. थोरल्या गुरुबंधूचं धान्याचं कोठार समोरच दिमाखात उभं होतं. एका व्यापाऱ्याने दिलेल्या चार गाई पौर्णिमेला यायच्या होत्या. त्याआधी छप्पर व्हायला हवं होतं. शिष्याच्या मनात मात्र गाईंपेक्षा कोठारच जास्त होतं. रोज सकाळी तो आधी कोठाराकडे बघे आणि मग कुदळ हातात घेई. आपल्याकडून कुठलंच काम धड होत नाही, अशी भीती बिचाऱ्याला आत कुठेतरी खात होती.

त्याने बारा खांब पुरले. ओळंबा सोडून एकेक सरळ केला. आता सगळ्यांची डोकी एका पातळीत कापायची होती. जमीन उताराची, तेव्हा जमिनीपासून मोजून चालणार नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून त्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं; नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. मग पहिल्या खांबावर खडूने रेघ ओढली, नळी लावून ती दुसऱ्यावर नेली, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर. अशी पूर्ण प्रदक्षिणा घालून बाराव्यावरून पुन्हा पहिल्याशी आला, तर नवी रेघ जुनीच्या चार बोटं खाली!

त्याने पुन्हा फेरी घातली. या वेळी रेघ तीन बोटं वर गेली. घोडं कुठे पेंड खातंय, तेच कळेना. शेजारशेजारचे दोन खांब पाहावेत, तर अगदी जुळलेले. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. तो डोकं धरून खाली बसला.

ओसरीवरून हे पाहणारे गुरू उठले. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि बाराही खांबांवरच्या रेघा पुसून टाकल्या.

"बाबा, अहो, दोन दिवसांची मेहनत होती ती!" शिष्य धावत पुढे आला.

गुरूंनी गोठ्याच्या बाहेर, मोकळ्या अंगणात, छातीएवढा एक खुंट ठोकला, हलवून पाहिला, पुन्हा ठोकला. त्यावर एक रेघ मारली आणि नळीचं एक टोक तिथे धरून स्वतः उभे राहिले.

"याला गाय बांधायची नाही हं," ते म्हणाले. "जा आता, एकेका खांबाशी."

नळीतलं पाणी खुंटावरच्या रेघेला टेकलं की गुरू "हां!" म्हणत, आणि पलीकडे शिष्य खूण करी. बारा वेळा "हां" झालं. म्हाताऱ्याचे हात भरून आले, पण टोक काही ढळलं नाही. शेवटी शिष्य पुन्हा पहिल्या खांबाशी आला. पाणी बरोबर मघाशी केलेल्या खुणेवर येऊन थांबलं.

"असं कसं, बाबा?"

"अरे, तू प्रत्येक खांब शेजाऱ्याशी जुळवत होतास. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना तू केसभर चुकलास. तिसऱ्याने ती चूक प्रमाण मानली, वर स्वतःची भर घातली. खुंटाचं तसं नाही. त्याला छप्पर पेलायचं नाही, कुणाहून उंच दिसायचं नाही. गाय बांधली, तर तिच्या हिसक्यांनी तोही हलेल. आता तो एका जागी स्थिर आहे, म्हणून त्याच्यावरून बाराही जणांचं माप घेता येतं." मग मिश्कील हसून ते म्हणाले, "आणि गोठा कोठाराशी जुळवत बसलास, तर गाई काय कणगीत ठेवशील?"

शिष्य ओशाळला, आणि मग तोही हसला. त्याला फार हलकं वाटलं.

पौर्णिमेला गाई आल्या. नव्या छपराखाली निवांत रवंथ करू लागल्या. शिष्य कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत उभा होता. गोठा कोठारापेक्षा सरस झाला की नाही, हे विचारायचं त्याला आठवलंच नाही.

आपल्याही अंगणात असा एक खुंट असावा. फक्त त्याला गाय बांधू नये.