सोन्याचा कीबोर्ड आणि तीन बटणं

"तिन्ही बटणं एकदम दाबा आणि माझा कॉम्प्युटर उघडा! पण कीबोर्ड हाच! दुसऱ्या कीबोर्डचं नाव काढाल किंवा चुकाल, तर डोकं भादरीन!" झुंजारराजा गरजला.

हा कीबोर्ड राजाने हौसेने सोनाराकडून घडवून घेतला होता. दिसायला देखणा, कामाला मठ्ठ! दोन बटणं एकदम दाबली तर मानायचा, तिसरं गिळून टाकायचा. आणि कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ही तिन्ही मिळाल्याशिवाय कॉम्प्युटर राजालाही आत घेत नव्हता. औषधकोठीचं कुलूप त्याच कॉम्प्युटरच्या हुकमाने उघडायचं. दवाखान्यात रोगी तळमळत होते, आणि राजाला पडली होती कीबोर्डाच्या इज्जतीची!

दिवाणजींनी दहाही बोटं रोवून पाहिली. सेनापतींनी मुठी आपटल्या. राजवैद्यांनी तर तिसऱ्या बटणावर नाक टेकवलं! तिघांचीही डोकी भादरून झाली.

तेवढ्यात केसर पुढे आली. दवाखान्यात केसपेपर टाइप करणारी ही पोर. तिचा डावा हात लहानपणीच उसाच्या चरकात गेलेला. धाकटा भाऊ भिवा तापाने फणफणला होता, आणि त्याचं औषध कोठीत अडकलं होतं.

"महाराज, मी उघडते."

दिवाणजी टक्कल चोळत म्हणाले, "अगं, दोन हातवाल्यांची ही गत झाली! तू एका हाताने तीन बटणं दाबणार?"

"नाही दिवाणजी. मी एका वेळी एकच दाबणार!"

दरबार खो खो हसला.

"चुकलीस तर वेणी जाईल!" राजाने बजावलं.

"जाऊ दे वेणी. भाऊ जायला नको."

केसरने शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा टकटकवलं. पडद्यावर 'बटणं एकेक करून दाबायची का?' असा प्रश्न आला, तिने होकार दिला. मग कंट्रोल दाबून सोडलं, ऑल्ट दाबून सोडलं, शेवटी डिलीट. कॉम्प्युटर उघडला!

राजाने आ वासला. "ही कसली जादू?"

"जादू कसली! आता कॉम्प्युटर आधी दाबलेलं बटण ध्यानात ठेवतो. एका हाताच्या माणसांसाठी ही सोय त्यात पहिल्यापासून आहे. दोन हातवाल्यांना कशाला माहीत असेल? त्यांना आपटता येतं ना!"

सेनापतींनी मुठी पाठीमागे लपवल्या. राजाला हसू फुटणार, तोच केसर कडाडली, "आधी कोठी उघडा महाराज, मग हसा!"

राजाने मुकाट्याने कॉम्प्युटरला कोठी उघडायचा हुकूम सोडला. भिवाचं औषध धावत दवाखान्यात गेलं.

"माग पोरी! हा सोन्याचा कीबोर्ड देऊ?"

"नको महाराज. दोनाच्या पुढे अक्कल न चालणारे दरबारात पुष्कळ आहेत, हाही त्यांच्यातच शोभेल. मला औषधकोठीचा कारभार द्या."

राजा पोट धरधरून हसला. "दिला!" म्हणाला, आणि त्याच क्षणी केसर कोठीची कारभारीण झाली.