आधी खोली रिकामी कर

"सगळं नियमाप्रमाणे केलं, तरी माणूस आपलंच डिपॉझिट परत का घेत नाही, बाबा?"

अण्णासाहेब मगदूम टेकडी चढून आले होते. धाप अजून बसली नव्हती. इचलकरंजीत त्यांच्या भाड्याच्या खोल्यांची अख्खी चाळ होती. आजवर आपण कुणाचं डिपॉझिट बुडवलं नाही, हे ते चारचौघांत छातीठोकपणे सांगत.

दस्तगीरबाबा झोपडीच्या दारात बसून गोधडीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाची अनामत?"

"शिवाप्पा कोरेची. मागावर कामाला आहे. हे बघा पाकीट. एक रुपया कापलेला नाही."

"खोली का सोडली त्यानं?"

अण्णासाहेबांनी घसा खाकरला.

"पोरगी आजारी होती. सुगंधा. मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्यायची म्हणून डिपॉझिट मागायला आला. मी म्हटलं, आधी खोली रिकामी कर, मग मिळेल. राहत्या माणसाला डिपॉझिट कोण परत देतो, बाबा?"

"केली रिकामी?"

"त्याच संध्याकाळी."

"मग दिलंस?"

"भिंती बघायला नकोत? डिपॉझिट असतं कशासाठी? रंगवाल्याला बोलावलं होतं, तो दुसऱ्या दिवशी यायचा होता..."

"तोवर पोरगी कुठं होती?"

अण्णासाहेब खाली रस्त्याकडे बघत राहिले.

"मारुतीच्या देवळात. ओवरीत... बापानं सतरंजी अंथरली होती."

सुई गोधडीत शिरली, बाहेर आली.

"रंगवाला आला. म्हणाला, भिंती चांगल्या आहेत. तसाच पैसे घेऊन मी स्वतः गेलो, बाबा. पायात चप्पल घालायचंही भान नव्हतं. पण ओवरीत..."

"बोल."

"तिला झाकलेलं होतं."

शिवाप्पा रडत नव्हता. पाकिटाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. 'आता कशाला, अण्णा?' एवढंच म्हणाला. पुढं अण्णासाहेब त्याच्या कारखान्यावर गेले, त्याच्या मेव्हण्याच्या घरी गेले. तो हात जोडायचा आणि आत निघून जायचा.

अण्णासाहेबांनी पाकीट बाबांच्या पायाशी सरकवलं.

"तुम्हीच घ्या. चार गोरगरीब जेवू घाला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरू दे."

"तुझे आहेत?"

"नाही... त्याचे."

"मग वाटणारा तू कोण?"

उन्हं रणरणत होती. अण्णासाहेबांच्या घशाला कोरड पडली. बोलायला गेले तर जीभ टाळूला चिकटली.

"पाणी तरी द्या, बाबा."

बाबा उठले. माठातून काठोकाठ तांब्या भरून घेऊन आले. अण्णासाहेबांनी हात पुढे केला.

बाबांनी तांब्या दिला नाही.

"आधी टेकडी उतर. खाली पोचलास की देतो."

"अहो, खाली पोचेपर्यंत माझा जीव..."

अण्णासाहेबांचं वाक्य तिथंच तुटलं. हात हवेतच राहिला.

मग बाबांनी आपणहून तांब्या त्यांच्या हातात ठेवला.

अण्णासाहेबांनी तो तोंडाला लावला नाही. तसाच भरलेला खाली, पाकिटाशेजारी टेकवला.

बाबा पुन्हा गोधडीजवळ बसले.

"त्या खोलीत आता कोण राहतं?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही. कुलूप लावलंय. माणसं येतात, चाळीत कुणीतरी सांगतं... परत जातात."

"मग तू जा राहायला."

"मी?" अण्णासाहेबांनी मान वर केली. "मी माझ्याच खोलीत... किती दिवस, बाबा?"

बाबांनी पाकीट उचललं, अण्णासाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि वरून हात दाबून धरला.

"राहा. अनामत भरलेली आहे."