सावधान माकडे आणि बाशिंगवाले दाजी

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव गुणवंता. मनाने अगदी सोन्यासारखा. सांगाल तेवढंच ऐकायचा आणि ऐकलेलं तसंच्या तसं करायचा.

त्याची थोरली बहीण शेवंता. तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. दुपारी ती शिवणवर्गाला जायची. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून घरचा मोबाईल गुणवंताच्या हाती असायचा.

एकदा स्थळं आणणाऱ्या मावशींचा निरोप आला, ‘उद्या अकरा वाजता वाघ येतील.’

गुणवंताला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्याने शेळ्या घरात कोंडल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन कौलांवर चढला. बरोबर अकराला चार पाहुणे दारात आले.

“अहो, उभे काय राहिलात? पळा! वाघ यायची वेळ झाली!” गुणवंता डबा बडवत ओरडला.

पाहुणे पळाले. चपला तेवढ्या मागे राहिल्या.

ताईने कपाळाला हात लावला. “अरे गुणा, वाघ हे त्यांचं आडनाव होतं! आडनाव म्हणजे माणसं. त्यांना ‘या, बसा’ म्हणायचं. पाट द्यायचा, गोडधोड वाढायचं.”

“बरं ताई. आडनाव म्हणजे माणसं.”

पंधरा दिवसांनी दुसरं स्थळ येणार होतं. आईने पुरणपोळ्या करून ठेवल्या आणि मायलेकी देवळात गेल्या. तेवढ्यात गावाच्या ग्रुपवर निरोप आला, ‘सावधान! माकडे येत आहेत.’

गुणवंताने दोनदा वाचलं. नाव सावधान, आडनाव माकडे. सावधान हे नाव त्याने ऐकलं होतं. लग्नात भटजी मोठमोठ्याने हाक मारतात, तोच हा. मोठा माणूस दिसतोय!

त्याने दार सताड उघडलं. सावधानराव सगळं कुटुंब घेऊन आले. गुणवंताने हात जोडले. “या, बसा.” ते बसले. कुणी पाटावर, कुणी फळीवर, एक जण घड्याळावर. पोळ्या संपल्या. मग खरे पाहुणे आले, आणि सावधानरावांच्या धाकट्याने मुलाच्या आईचा चष्मा पळवला.

“अरे, ती खरीखुरी माकडं होती!” ताई रडकुंडीला आली. “नुसतं नाव वाचून चालत नाही. नावाशेजारी गोल फोटो असतो, तो बघावा. फोटोत दिसेल तोच पाहुणा.”

“बरं ताई. फोटोत दिसेल तोच पाहुणा.”

आता मावशीही वैतागल्या. म्हणाल्या, “हे तिसरं स्थळ. हेही पळालं तर मी पुन्हा या घराची पायरी चढणार नाही.” मुलगा पलीकडच्या गावचा, हिरामण कोल्हे. शेवंताने त्याला जत्रेत एकदा पाहिलं होतं. तिने नव्या साडीला दोनदा इस्त्री केली.

आईने गुणवंताला बजावलं, “मुलाने मान हलवली की होकार समजायचा आणि लगेच ग्रुपवर कळवायचं. बाकी काही करू नकोस बाबा.”

रविवारी निरोप आला, ‘निघालो. हिरामण कोल्हे.’ गुणवंताने फोटो बघितला. फोटोत पोळ्याला सजवलेला पांढराशुभ्र बैल होता. शिंगांना बाशिंग!

“बाशिंग बांधलंय, म्हणजे नवरदेवच,” गुणवंता म्हणाला.

चार वाजता बैलगाडी आली. गाडी हाकत होता खुद्द हिरामण. गुणवंताने फोटो ताडून पाहिला. उजवीकडचा तोच. डावीकडचा मित्र असणार.

त्याने उजवीकडच्याला सोडलं, घरात नेलं, सतरंजीवर उभं केलं, कुंकू लावलं आणि पुढे गूळ ठेवला.

“आणि मी?” हिरामणने दारातून विचारलं.

“तुम्ही थांबा बाहेर मित्रापाशी.”

हिरामण भारावून गेला. बैलाचा एवढा मान ठेवणारं घर त्याने पाहिलं नव्हतं.

गुणवंताने बैलाला विचारलं, “मुलगी पसंत आहे ना?” बैलाच्या कानावर माशी बसली. त्याने जोरात मान हलवली.

“आई! होकार!” गुणवंताने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, ‘आमचे दाजी. ताईचं जमलं.’

ताई पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. समोर बैल गूळ चाटत होता. दाराबाहेर हिरामण पोट धरून हसत होता.

ती तोंड उघडणार, इतक्यात मोबाईल वाजला. सरपंचांनी लिहिलं होतं, ‘वा! आता लवकर होऊ दे शुभमंगल सावधान!’

गुणवंता वाचता वाचता किंचाळला, “ताई, पोहे लपव! माकडे आले!”

आणि धावत जाऊन त्याने दार लावलं, कडी घातली. बैल आत, नवरदेव बाहेर.

“अहो मेहुणे,” बाहेरून हिरामण म्हणाला, “मलाही मुलगी पसंत आहे!”

गुणवंता दाराला पाठ लावून ओरडला, “उशीर केलात! दाजी आधीच हो म्हणालेत!”